बायकोची साक्ष

माझा हात मोडला ती गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. डॉक्टरांना बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं, शिवणक्लासच्या मुलींना जिन्यावरून पडले म्हणून. आमच्या घराला जिना नाही हे त्या मुलींना माहीत होतं, पण कोणी काही बोललं नाही. माहेरी तर मी कळवलंच नाही. पुढे ती गोष्ट माझ्या नवऱ्याने सांगितली, माइकवर. शे-दीडशे माणसं समोर बसली होती आणि त्यांनी ती ऐकून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या हात मोडल्याबद्दल नव्हत्या, एवढं मला कळतं. त्या देवासाठी होत्या, कारण हात मोडणारा माणूस आता दारू सोडून त्यांच्यापुढे उभा होता. तरी टाळ्या त्या टाळ्याच. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारच्या बाईने प्रेमाने माझा तोच हात हातात घेतला आणि दाबला. थंडीत तो फार दुखतो, आणि तेव्हा जानेवारी होता.

आम्ही दोघंही जन्माने ख्रिस्ती, यवतमाळचेच. तो ऑटो चालवतो, मी घरी शिवणकाम शिकवते. मूल नाही. मूल व्हावं म्हणूनही आमच्या चर्चच्या मंडळीने बरीच प्रार्थना केलेली आहे, तो विषय वेगळा. तोंडावर मी नवऱ्याला अहो-जाहो करते, लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे. एवढी सूट माझी मला. त्याची दारू मी इथे रंगवून सांगत बसत नाही. ते काम त्याने स्वतःच भरपूर केलं आहे.

हाताचं मात्र सांगते, कारण ते कोणीच धड सांगितलेलं नाही. एका दुपारी तो पिऊन आला आणि शाळेची मुलं आणायला निघाला. रोज दहा-बारा मुलं त्याच्या ऑटोत असायची. मी किल्ली ब्लाउजमध्ये लपवली. त्याने मागितली, मी दिली नाही, त्याने ढकललं आणि मी शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर पडले. मनगट वाकडं झालेलं मला दिसत होतं. तो म्हणाला, "ऊठ, नाटकं नको करू." मग त्याने टीव्ही लावला. क्रिकेटची मॅच चालू होती. मी फरशीवर बसून हात मांडीवर धरून विव्हळत होते, तेव्हा त्याने आवाज वाढवला.

शेजारच्या ताई मिरच्या मागायला आल्या होत्या, त्यांनी मला उचललं आणि दुसऱ्याच्या ऑटोतून दवाखान्यात नेलं. ताई बौद्ध कुटुंबातल्या, कोर्टात टायपिंग करतात, बोलायला फटकळ. वाटेत त्यांनी विचारलं, "आता डॉक्टरले काय सांगशीन? घसरली म्हणून?" मी हो म्हटलं. झाकली मूठ झाकलेलीच बरी असं तेव्हा वाटायचं मला. त्या बाहेर बघत राहिल्या.

त्यानंतर वर्षभराने त्याचं तारण झालं, म्हणजे तो पापातून सुटून देवाकडे आला. गावाबाहेर विश्वास जागवणारी तीन दिवसांची उज्जीवन सभा होती आणि दोन म्हाताऱ्या बायकांनी तिथे जायला याचा ऑटो ठरवला होता. हा बाहेर ऑटोत बसून बिडी ओढत होता. भाषण कर्ण्यावरून सगळ्या शिवाराला ऐकू येत होतं. त्यातलं नेमकं काय लागलं ते त्यालाही सांगता येत नाही. घरी आला तो रडतच आला. त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावलेला नाही. मी कितीही कडू झाले तरी हे नाकारणार नाही. सहा महिने मी त्याचे शर्ट धुण्याआधी हुंगत होते. सातव्या महिन्यात हुंगणं सोडलं आणि गुडघे टेकून देवाचे आभार मानले, अगदी मनापासून. त्याने ऑटोच्या मागे लाल अक्षरांत 'केवळ कृपेने' असं रंगवून घेतलं. मला ते आवडलंही होतं.

मग साक्षी सुरू झाल्या. ज्यांच्यात ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून मंडळीला सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. कोणाची गाठ विरघळलेली असते, कोणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. पण दारुड्याच्या साक्षीची सर कशालाच येत नाही. आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, ते लगेच कळलं. ते त्याला आपल्या जीपमधून गावोगाव नेऊ लागले, आणि मलाही न्यायचे, कारण बायको बरोबर असली की लोकांना पटतं. मी डोक्यावर पदर घेऊन पुढे बसायचे. त्याचं बोलून झालं की पाळकसाहेब माझ्याकडे हात करायचे आणि मी उभी राहून 'प्रभूची स्तुती असो' एवढं म्हणून बसायचे.

प्रत्येक गावाला साक्ष थोडी वाढत गेली. आमच्या मंडळीत त्याने मला ढकललं होतं. मुकुटबनला पोचेपर्यंत त्याने काठी घेतली. फुलसावंगीला तो कुऱ्हाड घेऊन माझ्या मागे धावला आणि मी शेजाऱ्यांच्या गोठ्यात लपले. तिथे दोन बायका हुंदके देऊन रडल्या. आमच्या घरात कुऱ्हाड नाही. आम्ही गॅसवर स्वयंपाक करतो, आणि शेजारी ताईंचा गोठा नाही, स्कूटी आहे. खोट्या कुऱ्हाडीपुढे माझं खरं मनगट अगदीच किरकोळ दिसायला लागलं.

फुलसावंगीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी जेवताना विषय काढला.

"कुऱ्हाड कुठली होती हो?"

"अवं, लोकायले समजलं पायजे न, देवानं किती मोठ्या पापातून काढलं ते."

"मग टीव्हीचं सांगा न."

"टीव्हीचं काय?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. जी गोष्ट मी इतकी वर्षं रोज आठवत होते ती त्याच्या पापांच्या यादीत नव्हतीच. जे आठवतच नाही त्याचा पश्चात्ताप तो काय करणार? मग मी जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुम्ही माझी माफी कधी मागितली?"

"देवानं माफ केलं न मले," तो म्हणाला. त्याने हे शांतपणे सांगितलं, मला धीर देतोय अशा सुरात. "आता जुनं कायले उकरून राह्यली?"

देवाची माफी त्याने मागितली होती, रडून. मंडळीची मागितली होती, तीही रडून. स्वतःच्या आईच्या कबरीवर जाऊन मागितली होती. माझी तेवढी राहून गेली. मी घरातच होते, कुठे पळून चालले नव्हते, म्हणून असेल. दोघांमधला हिशोब तिसऱ्यानेच परस्पर मिटवून टाकला आणि मला येऊन सांगितलं की झालं. मला त्या दिवशी देवाचाही राग आला. माझ्या हाताची माफी देणारा तू कोण, असं मी त्याला भांडी घासता घासता विचारलं.

पावसाळा संपल्यावर यवतमाळला मोठी सभा ठरली. जिल्हाभरातून माणसं येणार होती. पाळकसाहेब एका दुपारी घरी आले, मुली मशीनवर बसल्या होत्या तेव्हाच. ते व्यासपीठावर शुद्ध बोलतात आणि खाली उतरले की आपल्या वऱ्हाडीत येतात. त्या दिवशी ते आमच्या खुर्चीवर बसूनही शुद्ध बोलत होते, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी काम आहे.

"ताई, आता तुमचीही साक्ष व्हायला हवी. बायकोची साक्ष झाली की नवऱ्याची पक्की होते."

त्यांनी सभेच्या जाहिरातीच्या पाठीमागे दोनच वाक्यं लिहून आणली होती. माझ्या पतीने सांगितलेलं सर्व खरं आहे. मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे.

"पहिल्या वाक्यात कुऱ्हाड येते," मी म्हटलं.

ते हसले. "तपशिलात जाऊ नका."

"आणि दुसरं मी म्हटलं नाही तर?"

त्यांनी आत शिवत बसलेल्या मुलींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. आता ते वऱ्हाडीत आले. "पाह्य ताई, तो अजून कच्चा हाय. चारचौघांत तू त्याले तोडलं अन् तो पुन्हा दारूत गेला, तं ते पाप कोनाच्या डोक्यावर?"

हीच भीती मलाही होती. मी शर्ट हुंगायचं थांबवलं होतं, पण भीती कुठे गेली नव्हती. दोन वाक्यं म्हणायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात माझं घर राहत असेल तर म्हणून टाकावी. लग्नात मी याहून मोठी वाक्यं म्हटली होती आणि त्यातली किती खरी ठरली ते सगळ्यांना माहीत आहे. पण लग्नात निदान ती वाक्यं मला खरी वाटत होती.

शेजारच्या ताईंना मी सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तुमच्यात माफी माइकवरच द्या लागते काय?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही."

"मंग? त्यानं तुले घरी इचारलं काय कधी?"

"नाही."

"तं कोन्या तोंडानं देऊन राह्यली? आता खोटं बोलशीन तं तुले झोप नाही यायची, अन् खरं बोलशीन अन् तो पेला तं जनमभर तूच सोताले खाशीन. मले नाही समजत बाई तू काय करशीन." ताईंचं एक बरं आहे, त्यांना समजलं नाही तर त्या तसं सांगतात. आमच्या मंडळीत असं कोणी सांगत नाही.

सभेच्या आधीच्या आठवड्यात मी रोज प्रार्थना केली. ती प्रार्थना कमी आणि भांडण जास्त होतं. तुला काय जातं माफ करायला, मी देवाला म्हणाले. हात तुझा मोडला नव्हता. आणि म्हणता म्हणताच मी गप्प झाले, कारण लहानपणापासून मला जे शिकवलं होतं ते नेमकं उलटं होतं. क्रुसावर त्याच्याही हाताला खिळे ठोकले होते. ठोकणाऱ्यांनी त्याचीही माफी मागितली नव्हती. त्या विचाराने माझं मन वितळलं वगैरे काही नाही. त्याने न मागता माफी दिली, तो देव आहे. मी शिवणक्लास चालवते. पण एवढं झालं की देवावरचा माझा राग गेला. ज्याच्या हातालाही दुखलं आहे त्याच्याशी बोलता येतं. मंडळीशी मात्र बोलावंसं वाटेना.

सभा रविवारी दुपारी होती. मांडव भरला होता. माझ्या नवऱ्याने कुऱ्हाडीसकट सगळी साक्ष दिली आणि ती छान झाली. बोलण्यात तो आता तयार झाला होता, कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा करायचा, सगळं. मग पाळकसाहेबांनी मला वर बोलावलं आणि माइक हातात दिला. त्यांचा कागद माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला नाही.

मी काय बोलले ते मला नीट आठवतं, कारण मी फारच थोडं बोलले. यांनी दारू सोडली हे खरं आहे, मी म्हटलं. देवानेच सोडवली हेही मी मानते. आमच्या घरी कुऱ्हाड नव्हती. इथे मागे कोणीतरी हसलं. यांनी ढकललं म्हणून माझा हात मोडला. त्याबद्दल यांनी देवाची माफी मागितली, तुम्हा सगळ्यांची मागितली. माझी अजून मागितलेली नाही, म्हणून मी अजून दिलेली नाही. मागितली तर देईन की नाही, तेही मला आज सांगता येत नाही.

माइक थोडा शिट्टी मारून गेला. माझा नवरा माझ्यापासून दोन हातांवर उभा होता आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. पाळकसाहेबांनी माइक माझ्या हातातून घेतला, अगदी हळुवार. "आपल्या बहिणीच्या मनावर मोठा भार आहे," ते म्हणाले. "आपण सगळे हात पुढे करून तिच्यासाठी प्रार्थना करू या." आणि सगळ्या मांडवाने हात पुढे केले. तेवढी माणसं डोळे मिटून, माझ्याकडे हात करून, देवाने माझं कठीण मन मऊ करावं म्हणून मोठमोठ्याने मागत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मी मधोमध उभी होते आणि माझ्या शेजारी माझा नवराही डोळे मिटून, हात पुढे करून उभा होता. माझ्यासाठी प्रार्थना करत होता. तेवढा राग मला त्या टीव्हीच्या दिवशीही आला नव्हता.

परत येताना तो पुढे ऑटो चालवत होता, मी मागे. नाक्यावरचं दारूचं दुकान आलं तेव्हा मी सीटची कड धरून ठेवली. पाप कोणाच्या डोक्यावर, हे वाक्य माझ्या कानात वाजत होतं. ऑटो हळू झाला नाही. तो त्या दिवशी प्याला नाही आणि पुढच्याही दिवशी नाही. चिडला, महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला, पण प्याला नाही. त्याचं दारू सोडणं माझ्या खोट्या वाक्यावर कधीच टिकून नव्हतं. ते कशावर टिकलं आहे ते त्याने ऑटोवर रंगवलेलंच आहे, आणि मला ते मान्य करावं लागलं. आनंद वाटायला हवा होता. वाटलं ते असं की, त्याच्यात आणि देवात हे सगळं घडलं आणि त्यात मी कुठेच नव्हते. फक्त हात माझा होता.

जीप आमच्याकडे यायची बंद झाली. पाळकीणबाई एकदा भेटल्या आणि म्हणाल्या, तुम्ही इतरांच्या विश्वासाला अडखळण झालात. मी त्यांच्या ब्लाउजचं माप घेतलं आणि गुरुवारी तयार होईल म्हणून सांगितलं.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे प्याले ताटात घेऊन मंडळीचे पंच बाकांमधून फिरतात. ज्याचं कोणाशी वाकडं आहे त्याने आधी ते मिटवावं आणि मगच घ्यावं, असा नियम आहे. नियम सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे घेतात. शेताच्या धुऱ्यावरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडणारे दोन भाऊ एकाच ताटातून घेतात. मीही घेत होते. त्या सभेनंतर मात्र मला घेववेना. भरल्या मांडवात मी माफ केलं नाही म्हणून सांगितलं होतं, आता कोणत्या तोंडाने घेणार? ताट आलं की मी ते शेजारणीकडे सरकवायचे. बायका कुजबुजल्या, मग त्यांना सवय झाली. पलीकडे पुरुषांच्या बाजूला माझा नवरा दर महिन्याला भाकर घेत होता, डोळे मिटून, आणि त्याला मी दिसत होते.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. मग गेल्या पावसाळ्यात एका पहिल्या रविवारी ताट त्याच्यापाशी आलं. त्याने हात पुढे केला, तसाच थोडा वेळ धरला आणि मागे घेतला. ताट पुढे गेलं. पंचांना वाटलं चुकून राहिलं, ते परत आले. त्याने मान हलवली.

घरी आल्यावर तो दारातल्या पायरीवर बसून बूट काढत होता. मी विचारलं, "काहून नाही घेतलं?"

"तुले न इचारता घेऊन राह्यलो होतो इतके दिवस," तो म्हणाला.

"मग विचारा."

त्याने मान वर केली नाही. ओठ हलले. तासभर माइकवर बोलणारा माणूस बुटाच्या नाडीची गाठ सोडवत बसला, आणि ती गाठ सुटलेलीच होती. मला त्याला मदत करता आली असती. अर्धं वाक्य मी बोलले असते तर उरलेलं अर्धं त्याने बोलून टाकलं असतं, आणि मग त्याला मिठी मारून रडायचं की नाही ते मी ठरवलं असतं. देव असता तर त्याने तेवढ्यावर भागवलं असतं. मी नाही भागवलं. मला पूर्ण वाक्य हवं होतं. मी वाट बघितली, मग कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. त्याने बूट कोपऱ्यात नीट लावून ठेवले.

आता पहिल्या रविवारी ताट बायकांच्या बाजूने येतं, मी पुढे देते. पुरुषांच्या बाजूने जातं, तो पुढे देतो. पंच आताशा आमच्यापाशी थांबतही नाहीत. संसाराला बावीस वर्षं झाली. दोघांनी मिळून मंडळीपुढे खरं सांगितलेलं ते एवढंच.